दुर्बीण घेण्याआधी डोळ्याचं माप घ्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मुलांना काय भेट द्यावी यावर एक पान होतं. त्यात चांदणं पाहण्यासाठी दोन नळ्यांची दुर्बीण (बायनॉक्युलर) सुचवली होती, ते वाचून फार बरं वाटलं. पण त्याच चौकटीत एक वाक्य होतं : ‘शक्यतो जास्तीत जास्त पॉवरची घ्यावी.’ हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. मी बार्शीत १९९६ पासून चष्म्याचं दुकान चालवतो, आणि आकाश पाहायचा नाद दुकानाहून जुना आहे. जास्त पॉवरच्या नावाखाली घेतलेल्या दुर्बिणी शेवटी माझ्याच काउंटरवर येतात, म्हणून गप्प बसवत नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. एक अंगणवाडी सेविका ताई चौथीतल्या मुलीला घेऊन आल्या. म्हणाल्या, “दादा, हिचे डोळे तपासा. हिला दोन चंद्र दिसतात.” माझ्या पोटात धस्स झालं, कारण एकाचे दोन दिसणं ही तक्रार हलकी घ्यायची नसते. तिच्याकडून बोर्ड वाचून घेतला. दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ घडाघडा. पेन्सिल नाकाजवळ आणून पाहिली, एकेक डोळा झाकून पाहिला. तिरळेपणा नाही, काही नाही. मग विचारलं, “बाळ, दोन चंद्र कधी दिसतात?”

“दुर्बिणीतून बघितल्यावर, काका.”

तिनं पिशवीतून ती काढली. डब्यावर ‘६०×६०’ असं ठळक छापलेलं, शेजारी कडीवाल्या शनीचं चित्र, पुढच्या काचा लालभडक. ताईंनी भाऊबीज भेटीच्या दोन हजारांत सहाशे घालून ती ऑनलाइन मागवली होती. दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या. आतला प्रिझम, म्हणजे उजेड वळवणारी तिकोनी काच, जागची हललेली असणार. दिवसा समोरची भिंत पाहताना मेंदू ओढूनताणून दोन चित्रं एक करतो आणि तासाभरानं डोकं चढतं. रात्री काळ्या आभाळात त्याला धरायला दुसरं काही नसतं, म्हणून दोन चंद्र. पोरीचे डोळे उत्तम होते.

मी पुढच्या काचेला मोजपट्टी लावली. ‘साठ’ म्हणायची ती काच भरली ३५ मिलिमीटर. मग दुर्बीण हातभर लांब धरून दुकानाबाहेरच्या उजेडाकडे केली. अशी धरली की डोळ्याकडच्या काचेत उजेडाची एक गोल टिकली तरंगताना दिसते. ती साडेचार मिलिमीटर होती. पस्तीसला साडेचारनं भागा : जेमतेम आठ पट. खरोखर साठ पट असती तर ती टिकली टाचणीच्या डोक्याएवढीही दिसली नसती. म्हणजे डब्यावरचे दोन्ही आकडे खोटे. यात कुठलंही यंत्र लागलं नाही. ही टिकली मोजायला घरातली शाळकरी पट्टी पुरते, आणि दुर्बीण हातात आल्यावर पहिल्यांदा तीच मोजावी, असं माझं सगळ्यांना सांगणं आहे.

कारण सगळी गोम त्या टिकलीत आहे. दुर्बिणीवरचा पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसेल तो, आणि दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की टिकलीचा व्यास मिळतो. ७×५० ची टिकली सात मिलिमीटर, १०×५० ची पाच, ८×४२ ची सव्वापाच, २०×५० ची फक्त अडीच. पुढच्या काचेनं गोळा केलेला सगळा उजेड या टिकलीतून डोळ्याच्या बाहुलीत शिरायचा असतो. आता बाहुली केवढी, हे दुर्बीण विकणारा कधी विचारत नाही. आम्ही चष्मेवाले मात्र दिवसभर तेच पाहत असतो. विशी-पंचविशीत अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशीला ती साधारण पाचवर येते, पुढे आणखी आक्रसते. माणसामाणसात फरक असतो, पण दिशा हीच.

याचा मला स्वतःला आलेला अनुभव सांगतो. १९८६ च्या एप्रिलमध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मी आठवीत होतो. आमच्या विज्ञानाच्या सरांकडे एक जुनी, जड ७×५० होती. शाळेच्या गच्चीवर त्यांनी वर्गातल्या एकेकाच्या गळ्यात ती अडकवली आणि खांद्याला धरून दक्षिणेकडे तोंड फिरवून दिलं. दिसला तो कापसाच्या पिंजलेल्या बोळ्यासारखा एक फिकट ठिपका. पण त्याच्या भोवती जे चांदणं दिसलं, ते डोळ्यांनी कधीच पाहिलेलं नव्हतं. त्या रात्री मी घरी जाऊन जेवलोच नाही. सर निवृत्त झाल्यावर त्यांनी ती दुर्बीण मला दिली. ती आजही माझ्याकडे आहे, आणि काचा अजून स्वच्छ आहेत.

पण आता तिच्यातून तेवढं दिसत नाही. दुर्बीण तीच आहे, माझी बाहुली लहान झाली आहे. सात मिलिमीटरच्या टिकलीतला पाच मिलिमीटरचाच उजेड आत जातो, उरलेला बुबुळावर सांडतो. हिशेब केला तर निम्मा उजेड वाया. माझ्यापुरती ती ७×५० राहिलेली नाही, ७×३५ झाली आहे. माझ्या दुकानातला मुलगा बावीस वर्षांचा आहे, त्याला तिच्यातून अजूनही सगळं लख्ख दिसतं. मी २०१९ मध्ये १०×५० घेतली. तिची पाचाची टिकली माझ्या पाचाच्या बाहुलीत बरोबर बसते, आणि पन्नास मिलिमीटरची काच माझ्या बाहुलीच्या शंभर पट क्षेत्रफळाचा उजेड आणून देते. शिवाय आता गावातही खांबाखांबावर पांढरे एलईडी आहेत. अशा उजळलेल्या आभाळात दहा पटीनं तारे जास्त उठून दिसतात.

मग वीस पट का नको? त्याचंही उत्तर मी पैसे मोजून मिळवलं आहे. २०११ मध्ये मी एक २०×५० घेतली होती. हातात धरून कृत्तिका पाहायला गेलो, तर चांदण्या काजव्यांसारख्या नाचत होत्या. दुर्बीण वस्तू वीस पट मोठी करते, तसाच हाताचा कंपही वीस पट मोठा करते. स्टँडशिवाय ती निरुपयोगी, आणि एवढ्या लहान टिकलीमुळे चित्रही अंधुक. दहा पट ही हाताची हद्द समजावी. ज्यांचा हात मुळात थरथरतो किंवा ज्यांना किलोभर वजन पेलत नाही, त्यांनी सात किंवा आठ पटीवरच थांबावं; ८×४२ अशांना फार चांगली. १५×७० किंवा २०×८० या सुंदर वस्तू आहेत, पण त्या तिपाईवर बसवायच्या, आणि तिपाईचे पैसे वेगळे. झूम करणाऱ्या दुर्बिणी तर घेऊच नयेत. त्यात नजरेचा पट्टा अरुंद होतो, आणि चाक फिरवता फिरवता दोन नळ्या एका रेषेत ठेवणं भल्याभल्या कारागिरालाही जमत नाही.

या मुलीच्या निमित्तानं आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती कुठल्याच जाहिरातीत नसते. दोन बाहुल्यांमधलं अंतर आम्ही चष्मा करताना मोजतो, त्याला पीडी म्हणतात. मोठ्या माणसाचं ते बहुधा ५८ ते ७० मिलिमीटरच्या दरम्यान असतं. या मुलीचं भरलं ५३. माझी १०×५० मधल्या बिजागरीवर पूर्ण मिटली तरी तिच्या डोळ्यांना रुंदच राहिली. तिला एका वेळी एकच नळी दिसे आणि कडेला काळी सावली येई. पोर बिचारी मान तिरकी करकरून पाहत होती. शेवटी तिला दुकानातली लहान ८×३० दिली, तेव्हा दोन्ही डोळ्यांना एकच गोल दिसला. म्हणून दहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी दुर्बीण घ्यायची असेल तर आधी जवळच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन पीडी मोजून घ्या. आम्हाला एक मिनिट लागतं. दुर्बीण मिटून किती मिलिमीटरपर्यंत जवळ येते, ते तिच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. नसेल तर विचारा.

चष्मा वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द लिहिणं माझं कर्तव्यच आहे. साधा नंबर असेल, मग तो उणे असो की अधिक, तर चष्मा काढून पाहा. फोकसचं चाक तो नंबर भरून काढतं. फारच मोठा उणे नंबर असेल तर चाक शेवटपर्यंत फिरवूनही कधी कधी तारे स्पष्ट होत नाहीत, ते घेण्याआधी तपासावं. पण सिलिंडरचा नंबर, म्हणजे डोळ्याचा गोल सगळ्या दिशांना सारखा नसल्यामुळे लागणारा, चाकानं जात नाही. ज्याला तारा ठिपक्याऐवजी बारीक रेघेसारखा दिसतो, त्यानं चष्मा लावूनच पाहिलं पाहिजे. मग डोळा काचेपासून लांब राहतो, आणि त्यासाठी दुर्बिणीचा ‘आय रिलीफ’, म्हणजे पूर्ण चित्र दिसेल असं काचेपासून डोळ्याचं अंतर, किमान पंधरा-सोळा मिलिमीटर हवा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. डोळ्याकडचं रबर दुमडून चष्मा टेकवायचा. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर वरच्या भागातून पाहायचं. फोकस करायची रीतही कुणी सांगत नाही : आधी उजवी नळी झाकून मधल्या चाकानं डावा डोळा स्पष्ट करायचा, मग डावी झाकून उजव्या नळीवरची कडी फिरवायची. कडी एकदा बसली की पुन्हा हलवायची नाही, पुढचं सगळं मधल्या चाकानं.

दुकानात दुर्बीण हातात घेतली की पुढच्या काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. ते हिरवट-जांभळं आणि मंद असेल तर काचेवर चांगला थर आहे. पांढरंशुभ्र, भगभगीत असेल तर काच कोरी आहे आणि उजेड वाया जातो. लालभडक काच दिसायला भारदस्त वाटते, पण ती तांबडा उजेड बाहेर फेकते आणि आत सगळं हिरवट-निळं दिसतं. ती टिकली पुन्हा पाहा : पूर्ण गोल हवी. कडा करड्या होऊन चौकोनी दिसत असेल तर आतले प्रिझम हलक्या काचेचे आहेत. चांगल्या दुर्बिणींवर बॅक-४ (BaK-4) असं प्रिझमच्या चांगल्या काचेचं नाव लिहिलेलं असतं. मग लांबच्या पाण्याच्या टाकीची कड किंवा विजेची तार पाहा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. दोन्ही गोलांत ती तार एकाच उंचीवर राहिली पाहिजे. एकात वर, एकात खाली दिसली तर परत द्या, किंमत कितीही कमी करून देत असले तरी. ऑनलाइन घेतली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं करा, आणि एका रात्री तारा पाहूनही खात्री करा.

एवढं केल्यावर काय दिसेल, हेही खरं खरं सांगायला हवं, कारण डब्यावरच्या चित्रांनी मुलं हिरमुसतात. दहा पटीत शनीची कडी दिसत नाहीत. देवयानीची दीर्घिका रंगीत चक्रासारखी दिसत नाही, एक लांबुळका धुरकट डाग दिसतो. पण तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, हे सांगून मग डोळा लावायला दिला की माणूस जागचा हलत नाही. गुरूच्या चार चंद्रांचे ठिपके, कोपर भिंतीला टेकवून श्वास धरला तर, दिसतात. नुसत्या डोळ्यांनी सहा मोजता येणाऱ्या कृत्तिका दुर्बिणीत डझनांनी होतात, आणि त्यांच्यासाठी कमी पॉवरच हवी. तो पुंजका पूर्ण चंद्राच्या तीन-चार पट रुंद आहे. माझ्या दुर्बिणीच्या एका गोलात तेरा पूर्ण चंद्र ओळीनं मावतात, म्हणून कृत्तिका सभोवतालच्या अंधारासकट दिसतात. मृगात बाणाच्या तीन ताऱ्यांच्या जरा दक्षिणेला धुक्याचा एक ठसा आहे, तिथं आजही नवे तारे जन्मत आहेत. चंद्र पाहायचा तर पौर्णिमेला नव्हे, अष्टमीला. पौर्णिमेला त्याच्यावर ऊन सरळ पडतं, सावल्याच नसतात. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या कडा उभ्या राहतात. त्या मुलीला मी अष्टमीच्याच संध्याकाळी बोलावलं होतं. तिनं पाच मिनिटं काही न बोलता पाहिलं आणि मग आईला हाक मारली, “आई, एकच आहे. आणि फुटलेला आहे.”

आमचे अण्णा शेतकरी. वय ७८. २०२१ मध्ये दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. आयुष्यभर त्यांच्या तोंडी नक्षत्रं, पण पावसाची : मृग, आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. पुष्य आभाळात कुठं असतं हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. पुष्याचा पाऊस जुलैच्या अखेरीस पडतो, तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो. पुष्य सूर्याबरोबर उगवतं, सूर्याबरोबर मावळतं. ते रात्री पाहायचं तर माघ-फाल्गुनात, शाळू काढणीला आलेला असतो तेव्हा. गेल्या फाल्गुनात मी त्यांना आमच्या शेतात बाजेवर उताणं झोपवलं, कारण आपल्या अक्षांशावर पुष्य जवळजवळ डोक्यावरून जातं आणि उभ्यानं पाहिलं तर मानेचा काटा ढिला होतो. छातीवर उशी, उशीवर कोपर, हातात १०×५०. नुसत्या डोळ्यांना तिथं एक पुसट डाग असतो. दुर्बिणीत त्याच्या कितीतरी चांदण्या होतात, जोंधळे सांडल्यासारख्या. तो ताऱ्यांचा थवा सुमारे ६०० प्रकाशवर्षं लांब आहे, असं मी त्यांना सांगत होतो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, “हाच का आपला म्हातारा?” नंतर दुर्बीण परत मागितली तर दिली नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही पानावर ठळक छापायला हवी : दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही. मावळतीचा असो, ग्रहणातला असो, ढगाआडचा असो. उन्हात भिंगानं कागद पेटवलेला सगळ्यांनी पाहिला आहे, आणि डोळ्याचा पडदा कागदापेक्षा नाजूक असतो. जळताना तो दुखत नाही, म्हणून कळतही नाही. तो परत बरा करणारा कुठलाही चष्मा माझ्याकडे नाही. मुलाच्या हातात दुर्बीण द्यायची ती सूर्य पूर्ण मावळल्यावर, आणि दिवसा ती उंच फडताळात.

काचा शर्टानं किंवा पदरानं पुसू नयेत. आधी फुंकणीनं किंवा मऊ ब्रशनं धूळ उडवावी. आमच्याकडे धुळीचा त्रास, तर रत्नागिरीला माझी बहीण राहते तिथं दमटपणाचा. तिच्या दुर्बिणीत एका पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवली की ती भीती कमी होते.

ज्यांना शक्य आहे त्यांनी विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहून घ्यावं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे. मुंबईचं खगोल मंडळ लोकांना रात्रभरासाठी वांगणीला नेतं. तिथं चार प्रकारच्या दुर्बिणी डोळ्याला लावून कळतं, ते माझ्या पत्रानं कळणार नाही. तालुक्याच्या गावी तशी सोय नसते, म्हणून तुमच्या पानावर जे छापून येतं त्यावर लोक विश्वास ठेवतात. त्या ताईंनीही असंच कुठंतरी वाचून जास्त पॉवरची शोधली होती. पुढच्या रविवारी त्या वाक्याच्या जागी एवढंच छापा : मुलासाठी आठ पटीपर्यंत, मोठ्यासाठी दहा पटीपर्यंत, आणि घेण्याआधी टिकली मोजून.

ती ८×३० सध्या त्या मुलीकडेच आहे. तिची जुनी दुर्बीण मला सरळ करता आली नाही, त्यामुळे तिच्या एका नळीवर काळं टोपण बसवून दिलं आहे. एका डोळ्यानं निदान चंद्र एक दिसतो. बार्शी परिसरात कुणाकडे अशी दुर्बीण असेल तर दुकानात घेऊन यावी, मी मोजून देईन, त्याचे पैसे घेत नाही. अमावास्येच्या जवळच्या शनिवारी आम्ही पाच-सात जण शेतावर असतो, तिथंही यावं. येताना सतरंजी आणि कानटोपी आणावी, पहाटे फार गारठा असतो.

आपला,
एक चष्मेवाला वाचक
बार्शी, जि. सोलापूर